देवपूरच्या उन्हात हार्मोनची पट्टी

मे महिन्यातली दुपार. पांझरेच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडगोटेच जास्त दिसावेत असे दिवस. धुळ्याच्या देवपुरातल्या एका पत्र्याच्या खोलीत कूलर घरघरत होता. समोर बसलेली माझी ओळखीची बाई परकराची नाडी सैल करून मला ओटीपोटावरची जागा दाखवत होती. तिचं नाव लिहीत नाही. तिशीच्या आतबाहेरची, जन्मदाखल्यावर मुलगा आणि गेली चार वर्षं बाई म्हणून जगणारी. दाखवलेल्या जागी मेणकागदासारखी पातळ, पारदर्शक पट्टी होती. तिची एक कड उचललेली, कडेवर घामोळ्याच्या पावडरीचा पांढरा थर आणि परकराचं एक सूत चिकटलेलं. "परत निघी गयी व माय," ती म्हणाली. आखातात नर्स असलेल्या मैत्रिणीने सुट्टीवर येताना आठ पट्ट्या आणल्या होत्या, त्यातली ही पाचवी. तीन-चार दिवस टिकायची ती दुसऱ्याच दिवशी लोंबायला लागली होती.

लिंगबदलाच्या प्रवासात हार्मोनची पट्टी सगळ्यांत चांगली, असं तिने ऐकलं होतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण चांगलं औषध आणि आपल्याला लागू पडणारं औषध यांच्यात घाम असतो, नाडी असते, पत्र्याचं छप्पर असतं आणि पुढच्या महिन्याचं पाकीट कुठून येणार हा प्रश्न असतो. पट्टीचा पुरेपूर फायदा घ्यायचा तर आधी या गोष्टींकडे बघावं लागतं.

औषधी पट्टी ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत पहिल्या पट्टीला १९७९ मध्ये मंजुरी मिळाली, तीही प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायच्या पट्टीला. ऐंशीच्या दशकात इस्ट्राडिओलची पट्टी आली. इस्ट्राडिओल म्हणजे बाईच्या अंडाशयात तयार होणारं मुख्य स्त्री-हार्मोन. ही पट्टी बनवली गेली ती पाळी जाताना जिच्या अंगातून वाफा निघतात आणि रात्री झोप उडते, त्या पन्नाशीच्या बाईसाठी. ट्रान्स बायकांनी ती तिच्याकडून उसनी घेतली. पाकिटातल्या माहितीपत्रकात लिंगबदलाचा उल्लेख नसतो त्याचं कारण हेच.

उसनी घेण्यामागे कारण होतं यकृत. इस्ट्राडिओलची गोळी पोटातून आधी यकृतात जाते. तिथे तिचा बराचसा भाग इस्ट्रोन नावाच्या कमी ताकदीच्या भावंडात बदलतो आणि जाता जाता यकृताला रक्त गोठवणारे घटक जास्त तयार करायला लावतो. पट्टीतलं औषध कातडीतून सरळ रक्तात उतरतं आणि यकृतावरचा हा पहिला मारा चुकतो. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'एस्थर' या फ्रेंच अभ्यासात पाळी गेलेल्या बायकांची तुलना केली होती. तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत शिरेत गाठ होण्याचा धोका हार्मोन न घेणाऱ्यांच्या साधारण साडेतीनपट निघाला, पट्टी-जेलवाल्यांत वाढ दिसली नाही. हा अभ्यास ट्रान्स बायकांवर झालेला नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी रक्त गोठण्याची यंत्रणा सगळ्यांची सारखीच. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी तर त्याआधीच, नव्वदच्या दशकात, चाळिशीपुढच्या ट्रान्स बायकांसाठी पट्टी बरी असा सल्ला दिला होता.

दुसरा पुरावा आला अनपेक्षित ठिकाणाहून. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पुरुषांवर इस्ट्राडिओलच्या पट्ट्यांची चाचणी झाली. या रोगात टेस्टोस्टेरॉन खाली आणावं लागतं. १,६९४ पुरुषांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि हृदयविकाराच्या बाबतीत पट्टीवाले नेहमीच्या इंजेक्शनवाल्यांपेक्षा वाईट निघाले नाहीत. ज्या पुरुषांना बाई व्हायचंच नव्हतं त्यांच्या अंगावर हे सिद्ध व्हावं, याची गंमत वाटते. पण ट्रान्स बायकांसाठी त्यातला मुद्दा मोलाचा आहे: पट्ट्या पुरेशा लावल्या तर त्या एकट्याही टेस्टोस्टेरॉन दाबू शकतात.

पुरेशा म्हणजे किती, इथेच बहुतेकींची निराशा होते. पट्टीवर २५, ५०, ७५, १०० असे आकडे असतात. चोवीस तासांत इतके मायक्रोग्रॅम औषध अंगात जाणार, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ मध्ये ट्रान्स बायकांसाठी दिलेली पट्टीची मर्यादा दिवसाला २५ ते २०० मायक्रोग्रॅम अशी आहे. पन्नाशीच्या बाईला वाफा थांबवायला २५ किंवा ५० पुरतात. जिला टेस्टोस्टेरॉन खाली आणायचं आहे, तिला एक पट्टी लावून सहा महिने काहीच वाटलं नाही तर दोष पट्टीचा नसतो. दोन पट्ट्या एकदम लावणं यात वावगं काही नाही, फक्त ते रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ठरवायचं. रिपोर्टमध्ये इस्ट्राडिओल १०० ते २०० पिकोग्रॅमच्या दरम्यान आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या खाली असावं, अशी अपेक्षा असते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एकदा-दोनदा. रक्त द्यायला जाताना पट्टी कधी लावली होती ते कागदावर लिहून न्यावं. तीन-चार दिवसांच्या पट्टीत मधल्या दिवसाचा आकडा सगळ्यांत खरा. सकाळी पट्टी बदलून दुपारी रक्त दिलं तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आता त्या उचललेल्या कडेकडे येऊ.

पट्टीचा जीव तिच्या डिंकात असतो. पूर्वीच्या पट्ट्यांत औषधाची छोटी पिशवी असायची. आताच्या बहुतेक पट्ट्यांत औषध डिंकातच कालवलेलं असतं. कड सुटली की तेवढ्या भागातलं औषध हवेत गेलं म्हणून समजावं. पूर्ण निघून पडली आणि कळलंच नाही, तर एका दिवसात रक्तातलं इस्ट्राडिओल खाली येतं. पिशवीची पट्टी कधीच कापायची नसते. कापली की औषध एकदम सांडतं. दुसऱ्या जातीची पट्टी काही डॉक्टर कापून वापरू देतात, पण स्वतःच्या मनाने कात्री लावू नये.

आपल्याकडे कड सुटण्याची तीन कारणं: तेल, पावडर, नाडी. खोबरेल लावलेल्या अंगावर काहीच चिकटत नाही. घामोळ्याची पावडर तर डिंकाची शत्रूच. आणि परकराची, सलवारीची नाडी जिथे करकोचते, नेमकी तिथेच, बेंबीखाली, पट्टी लावायची असं माहितीपत्रकातलं चित्र सुचवतं. ते चित्र काढणाऱ्याने परकर कधी नेसला नसणार. नाडीच्या चार बोटं खाली, नाहीतर कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या बाजूला लावली की ती घासत नाही. तिथून औषध पोटापेक्षा किंचित जास्तच उतरतं. छातीवर मात्र कधीही लावायची नाही. छाती वाढावी म्हणून तिथेच लावणाऱ्या मुली आहेत, पण औषध रक्तातून सगळीकडे जातं. पट्टी कुठे लावली हे छातीला कळत नाही.

लावण्याची रीत सोपी, पण घाई चालत नाही. साध्या साबणाने अंघोळ, जागा कोरडी पुसायची, मग पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं बसून अंगाचा घाम जिरू द्यायचा. अंघोळीहून आल्या आल्या ओलसर अंगावर लावली तर ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. केस असतील तर ते आदल्या दिवशी काढावेत. वस्तऱ्याच्या ताज्या कातडीवर ती चुणचुणते. चिकटवल्यावर तळहाताने दहा सेकंद दाबून धरायची, म्हणजे अंगाच्या उबेने डिंक बसतो. पुढची पट्टी दुसऱ्या बाजूला लावायची आणि जुन्या जागेला निदान आठवडाभर सुट्टी द्यायची, नाहीतर लाल चट्टा उठतो. निघाल्यावर राहिलेला काळा चिकट डाग खोबरेलाने निघतो. फक्त नंतर साबणाने ती जागा धुवायला हवी, कारण पुढच्या पट्टीला तेच तेल आड येतं. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची पंचाईतही याचमुळे. उटणं-तेल अंगभर चोळायचं तर पट्टी बदलायचा दिवस त्या पहाटेलाच धरावा आणि नवी पट्टी नाहून झाल्यावर लावावी.

उष्णतेचा मामला नाजूक आहे. जळगाव-भुसावळचा पारा मेमध्ये पंचेचाळिशीच्या पुढे जातो, धुळंही मागे राहत नाही. कातडी तापली की औषध जास्त वेगाने आत शिरतं. म्हणून पट्टीवर सरळ ऊन पडू देऊ नये आणि गरम पाण्याची पिशवी तिथे ठेवू नये. एकीकडे घामाने पट्टी सुटते, दुसरीकडे उष्णतेने औषध घाईने उतरतं. असं असलं की हिवाळ्यातला रिपोर्ट आणि उन्हाळ्यातला रिपोर्ट यांची तुलना करताना जपून. न वापरलेल्या पट्ट्यांचाही प्रश्न आहे. त्या पंचवीस-तीस अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवल्या तर दुपारी डिंक पाझरायला लागतो. भिंतीतल्या कपाटाचा सगळ्यांत खालचा कप्पा, मूळ पाकीट न फोडता, इतकं तरी करता येतं.

ती वापरून झालेल्या पट्ट्या खिडकीतून मागच्या बोळात टाकायची. हे बंद कर, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. परदेशातल्या एका प्रसिद्ध आठवडी पट्टीत, शंभरच्या मापाच्या, साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास औषध भरलेलं असतं आणि आठवड्याभरात अंगात जातं ते पाऊण मिलिग्रॅमही नाही. म्हणजे टाकलेल्या पट्टीत नव्वद टक्के औषध शिल्लक. गल्लीतल्या एखाद्या लेकराने ती 'स्टिकर' म्हणून हाताला लावली तर? चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि डब्यात टाकायची, एवढं पुरे.

आता खरी गोष्ट. खानदेशातल्या बहुतेक ट्रान्स बायका आणि किन्नर पट्टी लावत नाहीत. त्या पाळणा लांबवायच्या गोळ्या खातात. माला-डी मेडिकलमध्ये मिळते, माला-एन सरकारी दवाखान्यात फुकट. एक चेली दुसरीला सांगते, छाती भरते, कातडी मऊ होते. काही जणी दिवसाला चार-चार गोळ्या घेतात. या गोळ्यांत इस्ट्राडिओल नसतं, इथिनाईल इस्ट्राडिओल असतं. नाव जवळचं, स्वभाव वेगळा. यकृत त्याला सहजासहजी मोडू शकत नाही, म्हणून रक्तात गाठ होण्याचा त्याचा धोका कितीतरी जास्त. युरोपातल्या क्लिनिकांनी ट्रान्स बायकांना ते देणं वीस वर्षांपूर्वीच थांबवलं. त्यात बिडी-सिगारेटची सवय असेल तर तो आणखी वाढतो. एका पायाची पोटरी अचानक सुजून गरम होणं, धाप लागणं, छातीत कळ येणं ही लक्षणं दिसताच रिक्षा करून सिव्हिल गाठायला हवं. चेहऱ्यावरच्या पुरळासाठी लिहून देतात त्या डायन-३५ सारख्या गोळ्यांतही हेच इथिनाईल इस्ट्राडिओल असतं. पट्टीवर दोन हजार शब्द लिहिताना मनात सारखं हेच येत होतं की या गोळ्या सुटल्या तर पट्टी मिळो न मिळो, निम्मं काम झालं.

दुसरी दुर्लक्षित बाजू निर्वाण झालेल्यांची. निर्वाण म्हणजे किन्नरांचा रिवाज. त्यात अंडकोश काढले की टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपतं. त्यानंतर बाहेरून इस्ट्रोजेनही घेतलं नाही तर शरीरात कुठलंच हार्मोन पुरेसं राहत नाही. हाडं आतून पोखरली जातात, पाळी गेलेल्या बाईसारख्या अंगातून वाफा येतात, मन खचतं. 'माझं तर निर्वाण झालंय, आता मला काय करायचं हार्मोन' असं ऐकायला मिळतं. खरं तर त्यांनाच ते आयुष्यभर लागतं, फक्त थोडं. टेस्टोस्टेरॉन दाबायचं ओझं उतरलेलं असल्याने छोट्या मापाची एक पट्टी किंवा थोडं जेल भागवतं.

ज्यांचं निर्वाण झालेलं नाही त्यांना बहुधा टेस्टोस्टेरॉन अडवणारी आणखी एक गोळी लागते. स्पायरोनोलॅक्टोन हे त्यातलं स्वस्त आणि सहज मिळणारं औषध. ते लघवी वाढवतं आणि रक्तातलं पोटॅशियम चढवतं, म्हणून उन्हाळ्यात दिवसभर एसटीने फिरणाऱ्या बाईने ते घेताना पाणी आणि रक्ततपासणी दोन्ही टाळू नये. सायप्रोटेरॉन जास्त जोरकस आहे, पण दिवसाला १० मिलिग्रॅम आणि त्याहून मोठा डोस दीर्घकाळ घेतला तर मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका दिसल्याने युरोपच्या औषध यंत्रणेने २०२० मध्ये त्यावर बंधनं घातली.

पट्टी मिळते कुठे? धुळ्यातल्या मेडिकलमध्ये 'हार्मोनची पट्टी' मागितली तर दुकानदार कंबरदुखीची पट्टी काढतो. अगदीच हुशार असला तर सिगारेट सोडायची. बाहेरगावच्या मैत्रिणीच्या बॅगेतून येणारी पट्टी म्हणजे चार आठवडे उत्तम औषध आणि पाचव्या आठवड्यात शून्य. हार्मोनला हे वर-खाली अजिबात मानवत नाही, मनाला तर नाहीच. म्हणून इथल्या बाईसाठी माझं मत सरळ आहे: पट्टीचा हट्ट धरू नये, पट्टीचं तत्त्व धरावं. कातडीतून जाणारं औषध हवं तर इस्ट्राडिओलचं जेल आपल्याकडे मिळतं. दुकानात नसलं तर मागवून मिळतं. दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरायचं, वाळू द्यायचं, मग कपडे घालायचे. त्याला नाडीचा त्रास नाही, कड उचलत नाही. रोज लावावं लागतं ही त्याची अडचण. आणि ज्या हाताला जेल लावलं त्याच हातातून रक्त दिलं तर आकडा भलताच चढलेला दिसतो. तेही न परवडणाऱ्या, तिशीच्या आतल्या, धडधाकट, तंबाखू न ओढणाऱ्या मुलीला प्रोजिनोव्हासारखी इस्ट्राडिओलची गोळी हा वाईट पर्याय नाही. माला-डी आणि प्रोजिनोव्हा यांच्यातलं अंतर हे प्रोजिनोव्हा आणि पट्टी यांच्यातल्या अंतरापेक्षा खूप मोठं आहे. चाळिशी ओलांडलेली, रक्तदाब-साखर असलेली, पूर्वी गाठ झालेली बाई मात्र कातडीचाच मार्ग धरून राहील तर बरं.

अपेक्षांबद्दलही एक शब्द. छाती भरायला तीन ते सहा महिन्यांनी सुरुवात होते आणि दोन-तीन वर्षं ती वाढत राहते. पट्टी दुप्पट केल्याने हा काळ निम्मा होत नाही. आवाज इस्ट्रोजेनने बदलतच नाही, तो सरावाने बदलावा लागतो. वीर्य पुढे परत येईलच याचा भरवसा नसतो, म्हणून मूल हवं असेल तर आधी विचार करावा.

ट्रान्स पुरुषांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण टेस्टोस्टेरॉनची पट्टी आपल्याकडे जवळपास चालतच नाही आणि जिथे चालते तिथे ती कातडी फार लाल करते. सस्टेनॉन किंवा टेस्टोव्हिरॉन डेपोचं इंजेक्शन हाच रुळलेला रस्ता. जेल आहे, पण एकत्र कुटुंबात ते जपून वापरावं लागतं. लावलेल्या खांद्याला टेकून भाचा झोपला तर टेस्टोस्टेरॉन त्याच्या अंगात जातं. हात धुवावेत, जागा बनियनखाली झाकावी, लेकरांना जवळ घेण्याआधी ती धुऊन काढावी.

कागदावर खानदेश मागासलेला नाही, उलट पुढे आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ट्रान्स बाई अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या जागेवरून अर्ज भरला आणि तो फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना बाई म्हणून लढू दिलं आणि त्या निवडून आल्या. २०२४ मध्ये याच समाजातल्या शमिभा पाटील यांना रावेर विधानसभेची उमेदवारी मिळाली. ट्रान्स लोकांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 'नालसा' निकाल तर २०१४ चा. २०१९ मध्ये ट्रान्स लोकांसाठी झालेल्या कायद्याच्या पंधराव्या कलमात हार्मोन उपचार, समुपदेशन, शस्त्रक्रिया आणि विमा यांची सोय सरकारने करावी असं लिहिलं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांच्या विम्याचा करार झाला. पुण्यात आणि कल्याणला ट्रान्स लोकांनीच चालवलेली 'मित्र' क्लिनिकं उभी राहिली होती. अमेरिकेची मदत थांबली आणि २०२५ च्या सुरुवातीला ती बंद पडली. पाच लाखांचा विमा ऑपरेशनच्या टेबलावर कामाला येईल. दर महिन्याच्या जेलच्या ट्यूबचं काय, हा प्रश्न ज्याच्या-त्याच्या पाकिटावर राहतो. धुळ्याला चक्करबर्डीला भाऊसाहेब हिरे मेडिकल कॉलेज आहे, जळगावला २०१८ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. हार्मोनच्या रुग्णाला तिथे कुठल्या दारातून आत जायचं हे ठरलेलं असावं, एवढीच मागणी आहे, आणि ती खर्चिक नाही.

देवपूरची ती बाई जूनमध्ये नाशिकच्या एका डॉक्टरांना भेटून आली. रिपोर्टमध्ये इस्ट्राडिओल अठ्ठावीस निघालं होतं, सुटलेल्या कडांचा सगळा हिशेब त्या एका आकड्यात. डॉक्टरांनी जेल लिहून दिलं. चौकातल्या मेडिकलवाल्याने पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, मग फोनवर कुणाला तरी विचारून मागवलं. आता महिना संपत आला की तोच फोन करतो, "ताई, तुमचं जेल आलंय." कुणासाठी लागतं हे त्याने कधी विचारलं नाही. घरी पन्नाशीची आई असेल, असं त्याला वाटत असावं.